चंगप्पाची बहीण

सत्कार खरं तर जुलैत व्हायचा होता. कारगिलच्या लढाईला पंचवीस वर्षं झाली म्हणून मंडळानं तो ठरवला होता. पण जुलैत सभागृह मिळालं नाही, ऑगस्टात प्रमुख पाहुण्यांचा गुडघा धरला, सप्टेंबरात गणपती आले आणि करता करता दिवाळी तोंडावर आली. मंडळाचे चिटणीस मल्लप्पा दर खेपेला नवी तारीख घेऊन घरी यायचे आणि विंग कमांडर सिद्धलिंगप्पा दर खेपेला ‘चालेल’ म्हणायचे. या पुढं ढकलण्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. मल्लप्पा आले की बराच वेळ बसायचे. चहा व्हायचा. दोन कप विसळावे लागायचे.

एरवी एकच कप असायचा. पत्नी महेश्वरी जाऊन काही वर्षं लोटली होती. मुलगी दानेश्वरी मेलबर्नला. ती रविवारी फोन करायची आणि ‘जेवलात का’ हा प्रश्न झाला की पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. नोकरीभर हिंदुस्थान पालथा घातल्यावर सिद्धलिंगप्पांनी हट्टानं सोलापुरात येऊन घर बांधलं होतं, कारण हे आपलं गाव. पण आईबापांचे ते एकुलते एक. चुलतभाऊ पुण्याला नि हुबळीला गेलेले. आपल्या गावात आपलं म्हणावं असं कुणी उरलेलं नाही, हे घर बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. डबेवालासुद्धा फाटकाला डबा अडकवून निघून जायचा. त्याचा चेहरा त्यांनी धड पाहिलेला नव्हता.

“बर्री साहेब, कूड्री,” असं त्यांच्याच घरात त्यांनाच बसायला सांगून मल्लप्पांनी शेवटच्या खेपेला वही-पेन काढलं होतं. “आता सांगा, तुम्ही किती पाडले?”

“काय?”

“बॉम्ब हो. भाषणात घालायचंय.”

“मी बॉम्ब टाकले नाहीत. आमचं हेलिकॉप्टर लहान. त्याला बंदूकसुद्धा नव्हती. वर डोंगरावर जे जवान जखमी व्हायचे, त्यांना खाली दवाखान्यात आणायचं.”

मल्लप्पांचा चेहरा पडला. “मग अॅम्ब्युलन्सच म्हणायची की.”

“हो. अॅम्ब्युलन्सच.”

“आणि त्याला वीरचक्र देतात?”

“दिलं खरं.”

“बरं, असू द्या. तुम्ही स्टेजवर असलं काही बोलू नका. मी बघतो काय ते.”

मल्लप्पांनी जे बघितलं ते सभागृहाच्या दारातच उभं होतं. फ्लेक्सवर सिद्धलिंगप्पांचा तरुणपणीचा फोटो आणि त्याच्या मागं कुठल्याशा परदेशी लढाऊ हेलिकॉप्टरचं चित्र, पोटाखाली क्षेपणास्त्रं लटकलेली. प्रमुख पाहुण्यांनी त्याच क्षेपणास्त्रांवर भाषण बांधलं. शत्रूच्या छावण्या कशा पेटल्या ते ऐकताना लोक टाळ्या वाजवत होते आणि सिद्धलिंगप्पा मांडीवरचा नारळ सांभाळत खाली बघत होते. लोकांच्या चुका दुरुस्त करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. चूक दुरुस्त करायची तर दोन वाक्यं जास्त बोलावी लागतात, समोरचा ओशाळतो, मग आपण ओशाळतो. त्यापेक्षा चुकीचं असलं तरी कौतुकच आहे, असं म्हणून त्यांनी चादर, शाल आणि फेटा घेतला. ‘सर्वांचा आभारी आहे’ एवढं बोलून ते खाली बसले.

कार्यक्रम संपला. माणसं फराळाकडं वळली. मागच्या खुर्च्यांच्या रांगेत दोघीजणी मात्र तशाच बसून होत्या. पंचेचाळिशीची एक बाई, डोक्यावर पदर. शेजारी तिची मुलगी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. गर्दी पांगल्यावर बाई उठली, थेट पुढं आली आणि वाकून तिनं सिद्धलिंगप्पांचे पाय धरले. ते दचकून मागं सरकले.

“दादा,” बाई म्हणाली. “तुमी मला वळखत न्हाय. मी सोनाबाई. वैरागची. भीमा जाधवाची मालकीन.”

“आई, त्यांना कसं कळणार?” मुलगी म्हणाली. “सर, मी पायल. माझे वडील कारगिलला जखमी झाले होते. त्यांना हेलिकॉप्टरनं आणलं होतं. पेपरात तुमचं नाव वाचलं आणि आई म्हणाली, हाच माझा भाऊ.”

सोनाबाईनं सांगायला सुरुवात केली. नवीन लग्न झालेलं. मालक लढाईवर. त्यांचा पाय गुडघ्यापासून गेला होता, रक्त थांबत नव्हतं, डोंगराच्या धारेवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. “हेलिकापटर आलं, पर बसंना. लई वारं. मंग म्हनं त्यानं येकच पाय खडकावर टेकला, दुसरा पाय तसाच हवेत, आन् मालकास्नी आत वढून घेतलं. मालकाची शुद्ध येत हुती, जात हुती. दवाखान्यात इचारलं, कुनी आनलं? तितला मानूस म्हनला, कोई अप्पासाब थे. तेवडंच कळलं बगा. मालक म्हनलं, अप्पा म्हंजे आपल्याकडचाच असनार. सोलापूरचा न्हायतर अक्कलकोटचा. दुसरीकडं कुटं अप्पा असत्यात?”

पाठीमागून मल्लप्पा खुशीत म्हणाले, “खरं आहे की. मीपण अप्पाच.”

“मला भाऊ न्हाय,” सोनाबाई म्हणाली. “भाऊ नसला की बाया भाऊबीजंला चंद्राला ओवाळत्यात. मालक म्हनलं, तुजं कुकू ज्यानं राखलं त्यो तुजा भाऊ, त्याच्या नावानं ओवाळ. तवापास्नं दर साली ओवाळतीया. मालक तीन सालामागं गेलं, हार्टनं. तरी म्या सोडलं न्हाय. म्हनायची, देवा, माज्या भावाला शंबर वर्सं आयुष्य दे. दिलं की न्हाय?”

ती हसली. सिद्धलिंगप्पांच्या हातातला नारळ एकदम जड झाला.

कारण ते हेलिकॉप्टर त्यांचं नव्हतं. त्या धारेवर हेलिकॉप्टरं नेहमी दोन-दोन जायची. एक खाली उतरायचं आणि दुसरं वर घिरट्या घालायचं, म्हणजे पहिल्याचं काही बरंवाईट झालं तर ते सांगायला कुणीतरी उरावं. त्या दिवशी वर सिद्धलिंगप्पा होते. खाली गेला होता तो चंगप्पा. कर्नाटकातल्या कोडगूचा, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. एक पाय खडकावर आणि एक हवेत, हे सिद्धलिंगप्पांनी वरून पाहिलं होतं. तसं त्याआधी कुणी केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही. आणि त्याच आठवड्यात धुक्यात चंगप्पाचं हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं होतं.

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मल्लप्पांनी ‘फोटो, फोटो’ म्हणत दोघांना शेजारी उभं केलं.

“भाऊबीजंला यायचं,” सोनाबाई कॅमेऱ्याकडं बघत म्हणाली. “न्हाय म्हनायचं न्हाय. जिवंत भाऊ पाटावर बसवायचाय मला.”

सिद्धलिंगप्पा म्हणाले, “येतो.”

घरी आल्यावर ते कितीतरी वेळ फेटा न काढता बसून राहिले. उद्या फोन करून सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला तो सोनाबाईचाच.

“जेवला का दादा?”

“हो.”

“काय जेवला?”

या प्रश्नाची त्यांना सवय नव्हती. डब्यात काय होतं ते आठवावं लागलं. “वांग्याची भाजी.”

“त्येल कमी, का जास्त?”

“जास्त होतं.”

“हाटेलवाली लोकं. हितं या, बिनतेलाची करून घालती.” मग तिनं स्वतः काय रांधलं, पायलला कंपनीत रात्रपाळी लागली, चिंचोळीच्या कारखान्याहून यायला बस कशी मिळत नाही, गिरणीचा पट्टा कसा तुटला, सगळं सांगितलं. भीमानं पेन्शनीच्या पैशातून टाकलेली पिठाची गिरणी आता तीच चालवत होती. बोलता बोलता ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. फोन ठेवला तेव्हा सिद्धलिंगप्पांच्या ध्यानात आलं की आपण सांगायचं ते सांगितलंच नाही.

पुढं रोज फोन येऊ लागला. आणि रोज त्यांना एक नवं कारण सापडू लागलं. मी तिथं होतोच की. वर होतो, पण होतो. चंगप्पाला काही झालं असतं तर मीच खाली गेलो असतो. आणि आता सांगून काय साधणार? माझा खोटेपणा मिटेल. पण तिचा भाऊ मरेल. नुसता मरणार नाही, पंचवीस वर्षांपूर्वीच मेला होता असं होईल. तिनं ज्याच्यासाठी आयुष्य मागितलं तो पहिल्या भाऊबीजेच्या आधीच गेलेला होता, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मनाचा असा वकील करून ते झोपायचे आणि सकाळी फोनची वाट बघत उठायचे.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ते साडी घ्यायला गेले. महेश्वरी असताना ही कामं तिची. दुकानातल्या मुलीनं विचारलं, “कुणासाठी काका?”

“बहिणीसाठी.”

हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता. घरात कन्नड बोलत. धाकट्या बहिणीला ‘तंगी’ म्हणतात हे माहीत होतं, पण तो शब्द वापरायला कधी कुणी मिळालं नव्हतं. मुलीनं इरकली साड्यांचा ढीग पसरला. ताईंचा रंग गोरा की सावळा, वय काय, काठ मोठे आवडतात की बारीक, असं ती विचारत गेली आणि ते सगळ्याची उत्तरं देत गेले. माहीत नव्हती तीही दिली.

भाऊबीजेला ते स्वतः गाडी चालवत वैरागला गेले. सोनाबाईचं घर गिरणीच्या मागंच होतं, दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचा सोपा. सोप्यात पाट मांडला होता, भोवती रांगोळी. भिंतीवर भीमाचा वर्दीतला फोटो. आळीतल्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या.

“ह्योच का गं पायलट?” एक म्हातारी म्हणाली. “ह्यो तर आपल्या पोस्टमास्तरावानी दिसतुया.”

“मावशे, गप की.”

“अगं, वाईट कुटं म्हनले? पोस्टमास्तर चांगलाच हाय.”

सगळ्या हसल्या. सिद्धलिंगप्पाही हसले. पायलनं त्यांच्या हातून साडीची पिशवी घेऊन पाटाशेजारी ठेवली. ते पाटावर बसले, डोक्यावर रुमाल घेतला. आतून तव्याचा वास येत होता, पोळ्या चालू होत्या. इतकी माणसं आपल्याकडं बघताहेत आणि त्यांतल्या एकालाही भाषण नकोय, याचं त्यांना बरं वाटलं. बोलायचं नाही, असं त्यांनी वाटेतच पक्कं केलं होतं. बसायचं, ओवाळून घ्यायचं, साडी द्यायची. कुणाचं काय बिघडतं?

सोनाबाई तबक घेऊन आली. तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. सुपारी ओवाळली. मग निरांजन उचललं, डोळे मिटले आणि पुटपुटली, “माज्या भावाला आयुष्य दे.”

“थांबा,” सिद्धलिंगप्पा म्हणाले.

त्यांचा हात आपोआप वर आला होता. निरांजन मध्येच थांबलं.

“काय झालं रं दादा? त्येल सांडलं का?”

“सोनाबाई, तो मी नव्हे.” त्यांना स्वतःचा आवाज परका वाटला. “भीमाला मी आणलं नाही. मी दुसऱ्या हेलिकॉप्टरात होतो. वर होतो. मी नुसता बघत होतो. आणलं त्याचं नाव चंगप्पा. तोही अप्पाच. पण इकडचा नाही, कोडगूचा.”

सोनाबाईनं निरांजन खाली ठेवलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

“मंग त्यो कुटं हाय?”

सिद्धलिंगप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढला.

“कुटं हाय त्यो?”

“गेला. त्याच लढाईत. भीमाला आणल्यावर आठवड्याच्या आत. धुकं होतं.”

“आटवड्यात,” सोनाबाई म्हणाली. मग निरांजनाकडं बघत, “म्हंजे मी पयल्यांदा ओवाळलं तवा त्यो...”

“हो.”

निरांजन तिच्या हातात जळत होतं. तिनं सावकाश आत जाऊन ते देवापुढं ठेवलं आणि बाहेर न येता मागल्या दाराकडं गेली. पायल उठून उभी राहिली.

“सर, हे तुम्ही फोनवर सांगायचं होतंत,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. “रोज बोलत होतात की. तासतासभर. सणादिवशी, सगळ्यांसमोर, पाटावर बसून सांगायचं का?”

“चुकलं,” ते म्हणाले. फोन बंद होतील म्हणून सांगितलं नाही, हे खरं असलं तरी बोलण्यासारखं नव्हतं.

मागून पाण्याचा आवाज आला. म्हातारी लगबगीनं उठून मागल्या दारात गेली. “सोने! अगं खुळी का काय तू? सनाचा दिस हाय. आंगावरच्या लुगड्यासकट पानी घेतीस?”

“भाऊ गेल्याचं कळलं,” सोनाबाईचा आवाज आला. “कळल्या दिसी पानी घ्यावं लागतंय.”

“कोन कुटला त्यो. ना बगितला, ना बोलला. पंचवीस वर्सं झाली त्याला.”

“मला आज कळलं की.”

पुन्हा तांब्या बादलीत बुडाल्याचा आणि पाणी पडल्याचा आवाज. म्हातारी परत आली. आत जाऊन तिनं चूल विझवली, भाजलेल्या पोळ्यांवर ताट झाकलं. एकेक बाई उठली आणि पदर सावरत निघून गेली. सिद्धलिंगप्पा पाटावरच होते. उठावं तर कुठं जावं हे कळेना, आणि बसून राहण्याचा आता हक्क नव्हता. पायलनं पिशवी उचलून त्यांच्यापुढं धरली.

“आई आज नवं लुगडं घेणार नाही,” ती म्हणाली. मग तिनं पुढं जोडलं, “राग नाही. सुतकात घेत नाहीत, एवढंच.”

त्यांनी पिशवी घेतली, रुमाल घडी करून खिशात घातला आणि निघण्यासाठी उठले. तेवढ्यात सोनाबाई आली. लुगडं बदललेलं, केस ओले, डोक्यावर पदर. ती भीमाच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसली.

“बसा साहेब,” ती म्हणाली.

तो ‘दादा’ गेला होता, ‘तू’ही गेला होता. ते अपेक्षितच होतं. पाटाला वळसा घालून ते समोर जमिनीवर बसले.

“कसा हुता त्यो?”

सिद्धलिंगप्पांनी आठवायला सुरुवात केली. आणि त्यांना जाणवलं की चंगप्पाबद्दल त्यांना इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. महेश्वरीलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. “उंच होता. हेलिकॉप्टरात बसताना गुडघे दुमडावे लागायचे. गाणं म्हणायचा, वाईट म्हणायचा. तरी थांबायचा नाही.”

“बहीन हुती?”

चंगप्पा आणि ते एकाच तंबूत झोपले होते. “ठाऊक नाही. मी विचारलं नाही कधी.”

“भ्याला न्हवता? येक पाय हवेत ठिवला तवा?”

“भ्याला होता. रेडिओवर सारखा शिव्या देत होता.”

“कुनाला?”

“वाऱ्याला.”

सोनाबाईला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून ती म्हणाली, “तुमचा दोस्त हुता. तुमी घेतलं हुतं का पानी, तवा?”

“नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उडायचं होतं.”

“आन् मागनं?”

“आमच्यात, लिंगायतांत, सुतक पाळत नाहीत,” ते म्हणाले. ते खरं होतं. वडील गेले तेव्हा पाळलं नव्हतं, महेश्वरी गेली तेव्हाही नाही. जो शिवाकडं गेला त्याचा विटाळ कसला, असं मठातले स्वामी सांगायचे.

“आमच्यात पाळत्यात,” सोनाबाई म्हणाली. तिनं आग्रह केला नाही.

सिद्धलिंगप्पांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, चष्मा काढला, दोन्ही पायलच्या हातात दिली आणि मागल्या दारानं गेले. परसात धुण्याचा दगड होता, अजून ओला. ते त्यावर बसले. अंगात सणाचा पांढरा सदरा होता, इस्त्रीचा. कपाळावर मघाचं कुंकू होतं. पाणी गार होतं. पहिला तांब्या डोक्यावर ओतला तेव्हा त्यांचा श्वास अडकला आणि तोंडून चंगप्पाचं नाव बाहेर पडलं, मोठ्यानं, पूर्वी इंजिनाच्या आवाजातून हाक मारत तसं. आत कुणीतरी उठल्याची चाहूल लागली. पायलनं भीमाचं जुनं धोतर आणि बंडी दोरीवर टाकली आणि ती माघारी गेली. त्यांनी दुसरा तांब्या भरला.